बांधावरचा कोळी आणि बाटलीवरचा कोळी

कार्तिकातली सकाळ. आखाडा बाळापुरातून नांदेडकडे निघा नाहीतर हिंगोलीकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळदीचे हिरवे पट्टे, सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं आणि मधल्या बांधांवर हराळी. ऊन वर येण्याआधीच्या अर्ध्या तासात त्या हराळीवर जागोजागी पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखे दिसतात. ती जाळी असतात. दहिवराने जड झालेली, वीत-दीड वीत रुंद, आणि प्रत्येकाच्या एका कडेला बोट जाईल एवढं, नरसाळ्यासारखं आत गेलेलं भोक.

मग ते वाक्य ऐकू येतं : रानात कोळी पडला.

त्यापुढचा औषधाच्या दुकानातला संवाद साधारण असा होतो. "भाऊ, कोळी पडलाय. कोळीनाशक द्या एखादं." "किती पंपाचं देऊ?" संपलं. पान उलटून पाहिलं का, हा मधला प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

यात शेतकऱ्याचा दोष थोडा आणि भाषेचा जास्त. मराठीत जाळं विणणारा तो कोळी आणि वांग्या-भेंडीची पानं पिवळी करणारा तोही कोळीच. दुसऱ्याला कृषी खात्याच्या पुस्तिकांमध्ये ‘लाल कोळी’ म्हणतात, त्याच्यावरच्या औषधाला ‘कोळीनाशक’. त्यावर कडी म्हणजे या लाल कोळ्याला खाणाऱ्या, त्याच्याच भाऊबंदांतल्या जिवाला ‘परभक्षी कोळी’ म्हणतात. एका शब्दाच्या डोक्यावर एवढी ओझी ठेवल्यावर तो कुठेतरी अडखळणारच.

लाल कोळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा. नुसत्या डोळ्यांना तो पानाखाली सरकणारा ठिपका वाटतो. त्याचं शरीर म्हणजे एकच अंडाकृती गोळा, कंबर अशी नाहीच. तो पानाच्या पेशींमधला रस शोषतो. त्यामुळे पानावर आधी बारीक पिवळसर-पांढरे ठिपके येतात, मग पान तांबूस पडून वाळतं. धागा तोही काढतो, पण तोंडाजवळून, आणि ते बारीक जाळं पानाच्या खालच्या बाजूला, शिरांच्या आधाराने असतं. कोरडी, उष्ण हवा त्याला मानवते. बांधावरच्या गवतावर वीतभर चादर अंथरणं त्याच्या सात पिढ्यांना जमायचं नाही.

बांधावरच्या कोळ्याचे डोकं-छाती आणि पोट असे दोन भाग बारीक कमरेने जोडलेले असतात, आणि धागा निघतो तो पोटाच्या टोकाकडून. तो पिकाचं पान खात नाही, रस शोषत नाही, कणसाला तोंड लावत नाही. जगभरात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांत मुख्यतः वनस्पतींवर पोट भरणारा ठळक अपवाद एकच, मध्य अमेरिकेतल्या बाभळींवरचा. त्याचं नाव ‘बघीरा किपलिंगी’, आपल्या जंगलबुकातल्या बघीरावरून! बाळापूरच्या बांधावर तो येण्याची भीती नको.

आता फवारणीचं काय होतं ते पाहा. पंपात कोळीनाशक एकटं क्वचितच जातं. आलोच आहोत तर म्हणून सोबत एखादं कीटकनाशक पडतं, बहुधा सिंथेटिक पायरेथ्रॉइड. त्याने बांधावरचा कोळी मरतो, ढालकिडे मरतात, परभक्षी कोळीही मरतात. लाल कोळी मात्र त्याला पुरेसा दबत नाही, आणि खाणारे गेल्यावर तो आणखी जोमाने वाढतो. पायरेथ्रॉइडनंतर लाल कोळ्याचा उद्रेक होतो, हे शेतीच्या कीटकशास्त्रात कित्येक दशकांपासून नोंदलेलं आहे. म्हणजे नसलेल्या कोळ्यासाठी पैसे मोजायचे आणि खरा कोळी घरी आणायचा!

बांधावरच्या कोळ्याचा हिशेब काय? मार्टिन निफेलर आणि क्लाउस बिर्कहोफर या अभ्यासकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातले कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात, आणि त्यात बहुतांश कीटकच असतात. तुडतुडे, नाकतोडे, पतंग, माश्या, जे जाळ्यावर उतरेल ते. मधमाशी सापडली तर तीही. कोळ्याकडे शत्रुकीटक-मित्रकीटक असा तक्ता नसतो. (गंमत म्हणजे मित्रकीटकांच्या फलकांवर कोळ्याचंही चित्र असतं. आठ पायांचा हा प्राणी कीटक नाहीच.)

हा नेमका कोण? आपल्या पठारी भागातल्या बांधांवर अशी नरसाळी बहुधा ‘हिप्पासा’ या प्रजातीचे कोळी विणतात. रंग मातकट करडा, पायांवर गडद कडी, पाय वगळता लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. मोबाइलवर फोटो टाकून शोधलं तर उत्तर अनेकदा ‘अमेरिकन ग्रास स्पायडर’ असं येतं. जाळं तसंच दिसतं हे खरं, पण तो कोळी उत्तर अमेरिकेतला आणि कुळही वेगळं. आपला हिप्पासा लांडगा-कोळ्यांच्या कुळातला. या कुळातले बहुतेक जण जाळं न विणता भटकून शिकार करतात. हा घर करून राहणारा. यूजीन सीमों या फ्रेंच अभ्यासकालाही हे साम्य जाणवलं असावं. १८८४ मध्ये त्याने यातल्या एका जातीला ‘अ‍ॅजेलेनॉयडिस’, म्हणजे अ‍ॅजेलेनासारखा, असं नाव दिलं, आणि अ‍ॅजेलेना हा त्या दुसऱ्या कुळातला.

ओळख पटते ती डोळ्यांवरून. भिंगातून समोरून पाहिलं तर खाली चार बारीक डोळे एका रांगेत, त्यावर दोन मोठे, त्यामागे आणखी दोन. अमेरिकन भाऊबंदांचे आठही डोळे दोन रांगांत आणि जवळपास सारख्या आकाराचे. नेमकी जात ठरवायची तर मात्र सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना पाहावी लागते. भारतातल्या लांडगा-कोळ्यांच्या कुळाची सविस्तर मांडणी बी. के. टिकादर आणि एम. एस. मल्होत्रा यांनी १९८० मध्ये ‘फॉना ऑफ इंडिया’च्या खंडात केली. टिकादर बरीच वर्षं पुण्यात, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या केंद्रात होते.

जाळं चिकट असतं, हाही गैरसमजच. चादरीला बोट लावा, चिकटत नाही. सगळी मदार वेगावर. गवताची काडी घेऊन चादरीवर हलकेच थरथरवली की कोळी नरसाळ्याच्या तोंडाशी येतो, पुढचे पाय चादरीवर टेकवतो, एका झेपेत काडीपाशी पोचतो, आणि फसगत लक्षात येताच तितक्याच वेगाने परत. हे डोळ्यांनी टिपेपर्यंत होऊन गेलेलं असतं.

उरलेल्या समजुती थोडक्यात. एका रात्रीत कोळ्यांचा सुळसुळाट झाला? जाळी कालही होती, दव पडलं म्हणून दिसली. ‘फनेल वेब’ चावून माणूस मरतो? तो सिडनीच्या परिसरातला ‘अ‍ॅट्रॅक्स’. त्याच्या दंशाने १९२७ ते १९८० या काळात १३ मृत्यू नोंदले गेले, १९८१ मध्ये प्रतिविष आलं आणि त्यानंतर एकही नाही. आपल्या बांधावरच्या कोळ्याशी त्याचं नातं नरसाळ्यापुरतंच. अंगावर फोड आले म्हणजे कोळी मुतला? पट्ट्याने उठले तर बहुधा नागीण, म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा झालेला. पावसाळ्यात दिव्याजवळ बसल्यानंतर रेघेसारखी भाजल्यागत आग उठली तर चिरडलेला नारिंगी-काळा, मुंगीसारखा दिसणारा पेडेरस भुंगेरा. दोन्हींत कोळी निर्दोष, आणि नागिणीसाठी डॉक्टरकडे लवकर गेलेलं बरं.

हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी रात्री लाइट येईल तेव्हाच असते. तेव्हा बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरून बांधाकडे पाहावं. हराळीत हिरवट चमकते ठिपके दिसतील. एखाद्या ठिपक्याच्या मागे लागून हळूच खाली बसलं, तर कधी नरसाळ्याच्या तोंडाशी मादी सापडते, पोटाच्या टोकाला अंड्यांची गोल पांढरी पिशवी चिकटवून बसलेली. पिल्लं बाहेर आली की तिच्या पाठीवर चढतात आणि काही दिवस तिथेच राहतात. उजेड फार वेळ धरला, तर ती पिल्लांसकट आत निघून जाते.