सी भाषेतील बहुस्तरीय पॉइंटर आणि मराठी मजकुराचे विभाजन

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात पॉइंटर हे प्रकरण अवघड मानले जाते आणि ‘पॉइंटरचा पॉइंटर’ हा त्यातील भाग बहुधा सत्राच्या अखेरीस घाईने उरकला जातो. विद्यार्थी तारांकने मोजण्यास शिकतो. ती का लागली, हे मात्र त्यास उमगत नाही. वास्तविक परिच्छेद, वाक्य व शब्द ही मजकुराची उतरंड भाषेच्या प्रत्येक अध्यापकास परिचित आहे, आणि बहुस्तरीय पॉइंटर त्याच उतरंडीची स्मृतीतील मांडणी करतात. प्रस्तुत लेखात ही मांडणी मराठी मजकुराच्या आधारे स्पष्ट केली असून, इंग्रजी मजकुरावर बिनचूक चालणारा प्रोग्राम मराठीवर नेमका कोणत्या पायरीवर फसतो, याकडे लक्ष वेधले आहे.

संकल्पना :

पॉइंटर म्हणजे पत्ता साठवणारा चल. ग्रंथालयातील तालिकेच्या कार्डावर पुस्तक नसते, त्याचे स्थान नोंदवलेले असते. तसेच हे आहे. अशा कार्डांचा खण कोठे आहे हे सांगणारे आणखी एक कार्ड केले, तर तो पॉइंटरचा पॉइंटर झाला.

सी भाषेत शब्दासाठी स्वतंत्र प्रकार नाही. स्मृतीत ओळीने मांडलेले बाइट आणि शेवटी शून्य, एवढाच तेथे शब्दाचा अर्थ. त्याच्या आरंभाचा पत्ता ‘चार *’ या प्रकारचा असतो. (‘चार’ हा येथे अंक नव्हे, ‘कॅरेक्टर’चा संक्षेप आहे, मराठी वर्गात हा खुलासा करावाच लागतो.) शब्दांच्या पत्त्यांची रांग म्हणजे वाक्य, आणि त्या रांगेचा पत्ता ‘चार **’. वाक्यांच्या पत्त्यांची रांग म्हणजे परिच्छेद, ‘चार ***’. परिच्छेदांची रांग म्हणजे संपूर्ण लेख, ‘चार ****’. यातील दोन तारांकनांचे रूप विद्यार्थ्यास अनोळखी नसते, कारण आज्ञा देताना टंकलेले शब्द मेन फंक्शनकडे याच रूपात पोहोचतात.

उदाहरणादाखल दोन परिच्छेदांचा लेख घेऊ. पहिला : ‘पाऊस आला. नदी भरली.’ दुसरा : ‘शाळा सुटली. मुले घरी गेली. आई वाट पाहत होती.’ क्रमांक शून्यापासून सुरू होत असल्याने दुसऱ्या परिच्छेदातील दुसऱ्या वाक्याचा पहिला शब्द लेख[१][१][०] असा मागता येतो व ‘मुले’ हे उत्तर मिळते. हेच *(*(*(लेख+१)+१)+०) असे लिहिता येते. प्रत्येक चौकटी कंस एक तारांकन उतरवतो, हे फळ्यावर एकदा करून दाखवले की संभ्रमाचा मोठा भाग दूर होतो.

विभाजन :

मजकुराचे तुकडे करण्यासाठी ‘स्ट्रटॉक’ हे प्रमाणित फंक्शन वापरण्याचा प्रघात आहे. ते मजकुराची प्रत काढत नाही. मूळ मजकुरातच विभाजक चिन्हाच्या जागी शून्य ठेवते आणि तुकड्याचा पत्ता परत करते. त्यामुळे वरील लेखातील १३ शब्द जागचे हलत नाहीत. नव्याने लागते ती केवळ पत्त्यांची जागा. १३ शब्द, ५ वाक्ये व २ परिच्छेद मिळून २० पत्ते होतात. ६४ बिटांच्या नेहमीच्या संगणकावर एक पत्ता ८ बाइटांचा, म्हणजे एकूण १६० बाइट. रांग कोठे संपते हे कळण्यासाठी प्रत्येक रांगेच्या शेवटी रिक्त पत्ता ठेवल्यास रांगा ८ असल्याने आणखी ६४ बाइट लागतात. शेवट ओळखण्याची ही किंवा संख्या नोंदवण्याची, कोणतीही एक सोय केल्यावाचून लेख[१][७] मागणाऱ्यास थोपवता येत नाही. सी भाषा स्वतःहून हटकत नाही.

येथे एक सापळा आहे. स्ट्रटॉक आपण कोठवर आलो हे स्वतःपाशी एकाच ठिकाणी लक्षात ठेवते. परिच्छेदांच्या आवर्तनात वाक्यांचे आणि त्यात शब्दांचे आवर्तन त्याच फंक्शनने चालवले, तर आतल्या आवर्तनाने बाहेरची खूण पुसली जाते. वरील लेखातून मग ‘पाऊस’ व ‘आला’ हे दोनच शब्द हाती येतात, आणि प्रोग्राम कोणतीही त्रुटी न दाखवता संपतो. पॉझिक्स प्रमाणातील ‘स्ट्रटॉक_आर’ या फंक्शनला ही खूण बाहेरून द्यावी लागते. हाक मारणाऱ्याचा पॉइंटर त्यास बदलता यावा म्हणून हा प्राचल ‘चार **’ प्रकारचा असतो. दोन तारांकनांची गरज पटवून देण्यास याहून चांगले उदाहरण सहसा सापडत नाही.

स्मृती मोकळी करतानाही हा विचार उपयोगी पडतो. पत्त्यांच्या ८ रांगा आतून बाहेर या क्रमाने सोडाव्यात. शब्द मात्र एकेक करून सोडू नयेत. ते मूळ मजकुराचेच भाग आहेत आणि मजकूर एकदाच सोडायचा असतो.

मराठी मजकूर :

येथवरचे सर्व मराठीस लागू पडते, कारण केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरी चिन्हाचा कोणताही बाइट १२८ पेक्षा लहान नसतो. जागा (३२) किंवा पूर्णविराम (४६) देवनागरी चिन्हाच्या पोटात चुकूनही आढळत नाही. (‘डॉ.’ नंतर वाक्य तुटते, हा दोष इंग्रजीतही आहेच.)

अडचण शेवटच्या पायरीवर येते. ‘मुले’ची लांबी ‘स्ट्रलेन’ १२ सांगते, कारण म, उकार, ल व मात्रा ही चारही चिन्हे प्रत्येकी ३ बाइटांची आहेत. लेख[१][१][०][०] मागितल्यास ‘मु’ मिळत नाही आणि ‘म’ही नाही, मिळतो तो २२४ हा बाइट, जो देवनागरीच्या प्रत्येक मूळ चिन्हाच्या आरंभी असतो. शब्दातील पहिले अक्षर तपासून अकारविल्हे गट करणारा प्रोग्राम त्यामुळे सर्व मराठी शब्द एकाच गटात घालतो. वाचक ज्यास अक्षर म्हणतो, त्याची संगणकीय सीमा केवळ चिन्हे मोजूनही ठरत नाही. ‘क्षि’मध्ये चार चिन्हे आहेत. देवनागरी जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या सर्वसाधारण अक्षरविभाजनात २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला.

ओवी-अभंगांच्या संहितेत पूर्णविरामाऐवजी दंड असतो. तो स्ट्रटॉकला विभाजक म्हणून दिल्यास अनर्थ ओढवतो. दंडाचे बाइट २२४, १६५ व १६४. स्ट्रटॉक त्यांस एक चिन्ह न मानता तीन स्वतंत्र विभाजक मानते. परिणामी प्रत्येक अक्षराचे लचके तुटतात, आणि ‘त’ (२२४, १६४, १६४) व ‘थ’ (२२४, १६४, १६५) समूळ नाहीसे होतात. अशा संहितेसाठी ‘स्ट्रस्ट्र’ने तिन्ही बाइट सलग शोधावेत, पहिल्याच्या जागी शून्य ठेवावे आणि पुढील चरणाचा पत्ता तीन बाइट ओलांडून घ्यावा. दुहेरी दंडास स्वतंत्र संकेतांक असल्याने त्याचा शोध वेगळा घ्यावा लागतो.