गाठी नव्हेत, अर्धवट वाढलेली बीजे
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मांजरीतल्या माझ्या दवाखान्यात एकदा सासू-सून आल्या. सोनोग्राफीचा कागद सुनेच्या हातात, पण बोलत होत्या सासूबाई. "म्याडम, हिच्या दोन्ही बाजूंना गाठी आहेत म्हणे. मूल राहणार नाही असं सांगितलंय. ऑपरेशन करून काढता येतील का?" सून सव्वीस वर्षांची, सडपातळ. लग्नाला दोन वर्षे झालेली. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी चार. ती एकदाच बोलली, "पण मी तर जाडसुद्धा नाही."

या विकाराविषयीचे दोन मोठे गैरसमज एवढ्या बोलण्यात आले. विकाराचे नाव पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. आपल्याकडे त्याला सर्रास पीसीओडी म्हणतात. मूल होण्याच्या वयातल्या दर दहा बायकांमागे साधारण एकीला तो असतो.

आधी गाठींचे पाहू. दर महिन्याला बीजकोशात बऱ्याच बारीक पिशव्या वाढायला लागतात. प्रत्येकीत एक स्त्रीबीज असते. त्यांतली एक पुढे जाऊन पिकते, फुटते, बीज बाहेर पडते; बाकीच्या सुकून जातात. या विकारात कोणीच पुढे जात नाही. द्राक्षाच्या घडातले सगळे मणी ज्वारीएवढे होऊन थांबावेत, तसे. सोनोग्राफीत काळे ठिपके दिसतात ते हेच. ती ना गाठ, ना कर्करोग. त्या कापून काढायच्या नसतात.

कापण्याची कल्पना मात्र वेडगळ नव्हती. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थॉल या डॉक्टरांनी सात बायकांची हकीगत छापली. बीजकोशाची पाचर कापून काढल्यावर सातही जणींची पाळी सुरळीत झाली आणि दोघींना दिवस गेले. मग रोग बीजकोशातच आहे, ही समजूत कित्येक वर्षे टिकली. १९८०च्या सुमारास लक्षात आले, की यांतल्या अनेकींच्या रक्तात इन्सुलिन जास्त असते.

इन्सुलिन म्हटले की आपल्याला मधुमेहाचे इंजेक्शन आठवते. पण ते प्रत्येकाच्या स्वादुपिंडात तयार होते आणि रक्तातली साखर स्नायूंना घ्यायला लावते. काहींचे स्नायू त्याचे ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते, म्हणजे आवाज चढवते. साखर ताब्यात राहते, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि सगळे निर्धास्त होतात. बीजकोश मात्र बहिरे झालेले नसतात. चढलेला आवाज त्यांना पुरेपूर ऐकू येतो आणि ते पुरुषी संप्रेरके जास्त बनवू लागतात. शिवाय ही संप्रेरके बांधून ठेवणारे प्रथिन यकृत कमी तयार करते. त्यातून हनुवटीवर लव, मुरुमे, आणि बीजांची वाढ अर्ध्यावर थांबणे. मानेच्या मागे काळेपणा येतो, तोही बहुधा या वाढलेल्या इन्सुलिनमुळे. तो मळ समजून मान घासून लाल करून घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत!

आता सडपातळपणाचे. याचे उत्तर पुण्यातच मिळते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत जन्मलेली बाळेही मोजली. इंग्लंडमधल्या साडेतीन किलोंच्या बाळांपुढे आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. तेव्हा काटा अठ्ठेचाळीस किलो दाखवतो म्हणून इन्सुलिनचा प्रश्न नाहीच, असे आपल्याकडे म्हणता येत नाही. वजन जास्त असेल तर त्यातले पाच ते दहा टक्के उतरल्यावरही अनेकींची पाळी परत येते. बारीक मुलीला मी उपाशी राहायला सांगत नाही. तिला स्नायू हवेत. रोज भरभर चालणे, आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा वजने उचलणे, ताटात डाळ-उसळ-दही-अंडे वाढवणे.

निदान केवळ सोनोग्राफीवर करू नये. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे आणि सोनोग्राफीतले ठिपके यांपैकी दोन असावी लागतात, तीही थायरॉईडसारखी इतर कारणे वगळून. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलींत असे ठिपके स्वाभाविक असतात. त्यांची सोनोग्राफी करून आयांना घाबरवू नये.

मूल हवे असेल तर बीज पिकवणाऱ्या गोळ्या आहेत. ७५० बायकांवरच्या एका अमेरिकन चाचणीत (२०१४) लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झाले, जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्के. आपल्याकडे वंध्यत्वासाठी लेट्रोझोलवर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. पाकिटातल्या कागदावर स्तनाच्या कर्करोगाचा उल्लेख असतो; मूळ औषध त्यासाठीचे, म्हणून घाबरू नये. मेटफॉर्मिन इन्सुलिनसाठी देतात. ते दीर्घकाळ घेताना बी-१२ तपासावे, कारण शाकाहारी घरांत ते आधीच कमी असते.

मूल नको असले तरी तीन-तीन महिने पाळी आली नाही तर दुर्लक्ष नको. गर्भाशयाचे अस्तर साचत राहिले, तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. आणि 'मला पीसीओडी आहे, दिवस जाणारच नाहीत' अशा भरवशावर राहू नका. बीज कधी सुटेल याचा नेम नसतो.

त्या सुनेला मी पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहिली. उपाशीपोटी ठीक असलेली साखर तेव्हा चढलेली होती. दिवस जाण्याआधी हे कळले, हे बरे झाले; गरोदरपणात चढलेली साखर बाळालाही भोवते. मग मी म्हटले, "काकू, आता तुमच्या मुलाची वीर्यतपासणी करून घेऊ." काकू गप्प. दोन वर्षांत हे कोणी सुचवलेच नव्हते. "त्याला काय झालंय?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "काही नसेलही. पण बघितल्याशिवाय कसं कळणार?"

पुढच्या गुरुवारी कंपनीला सुट्टी होती, तेव्हा तो आला. बायकोला घेऊन, आईला न आणता.