विभाग आणि प्रभाग: मुंबईत ‘वॉर्ड’ नेमका कशाला म्हणतात?

‘तुमचा वॉर्ड कोणता?’ या प्रश्नाची मुंबईत दोन बरोबर उत्तरं असतात. दादरचा रहिवासी ‘जी उत्तर’ म्हणेल, नाहीतर एखादा आकडा सांगेल. अक्षर असेल तर तो विभाग, आकडा असेल तर प्रभाग. बोलताना दोन्हींना वॉर्डच म्हणतात आणि घोळ तिथेच होतो.

विभाग ही महापालिकेने कारभारासाठी केलेली वाटणी. प्रत्येक विभागाचं स्वतंत्र कार्यालय असतं, त्याचा प्रमुख सहायक आयुक्त. जी उत्तरमध्ये दादर, माहीम आणि धारावी येतात. कचरा उचलला नाही, गटार तुंबलं, तर तक्रार इथे करायची.

प्रभाग निवडणुकीसाठी पाडलेले असतात. मुंबईत ते 227 आहेत आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक निवडून येतो. (पुण्यात 2017 साली बहुतेक प्रभागांतून चार-चार नगरसेवक निवडले गेले, तो प्रकारच वेगळा.) एका विभागात अनेक प्रभाग बसतात. त्यांच्या हद्दी लोकसंख्येनुसार नव्याने आखल्या जातात, म्हणून घर न बदलताही तुमचा प्रभाग बदलू शकतो. व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी यादी तेव्हा कामाची राहत नाही.

हा फरक मुंबईकरांना मार्च 2022 नंतर चांगलाच जाणवला. नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली, कारभार प्रशासकाकडे गेला. कुठल्याच प्रभागाला नगरसेवक उरला नाही. विभाग कार्यालयं मात्र रोज उघडत होती, तक्रारीही तिथेच द्यायच्या होत्या.