छातीतली नळी : एक की दोन, जाड की बारीक?

फुप्फुसाचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया झाली, की नातेवाइकांची नजर जाते ती बरगड्यांमधून बाहेर आलेल्या नळीकडे आणि कॉटखालच्या बाटलीकडे. बाटलीत बुडबुडे दिसले की जीव खालीवर होतो. ‘नळी कधी काढणार?’ हा पहिला प्रश्न असतो.

फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या पोकळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुप्फुस फुगलेलं राहतं. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसातून हवा झिरपते, रक्त आणि पाणी साचतं. ते बाहेर काढलं नाही, तर फुप्फुस आक्रसतं. छातीतला पू काढण्यासाठी जर्मन डॉक्टर गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५ मध्ये नळीचं टोक पाण्यात बुडवून ठेवलं. हवा बाहेर जाते, पण परत आत शिरत नाही. आजची बाटलीही याच तत्त्वावर चालते.

पूर्वी दोन नळ्या घालत : वरची हवेसाठी, खालची पाण्यासाठी. आता गुंतागुंत नसेल तर बहुधा एकच पुरते. नळीची जाडी ‘फ्रेंच’मध्ये मोजतात, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. २८ फ्रेंचची नळी सुमारे ९ मिलिमीटर जाड असते. जाड नळी रक्ताच्या गुठळीने सहसा तुंबत नाही, पण जास्त टोचते. दुखतं म्हणून रुग्ण खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून काही ठिकाणी मऊ, बारीक सिलिकॉनची नळी निवडतात. रक्तस्राव किंवा हवेची गळती जास्त असेल, तर मात्र जाड किंवा दुसरी नळी लागू शकते.

बुडबुडे म्हणजे हवा बाहेर पडते आहे. ती बहुतेकदा हळूहळू थांबते. गळती पाच दिवसांहून जास्त टिकली, तर डॉक्टर पुढचा उपाय ठरवतात. गळती थांबली, पाणी कमी झालं आणि फुप्फुस नीट फुगलं, की नळी काढतात.

तोवर बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली, उभी ठेवा. चालवताना नळी स्वतःहून चिमटा लावून बंद करू नका. गळती चालू असेल तर हवा आत कोंडून जिवावर बेतू शकतं. अचानक धाप लागली किंवा नळी निसटली, तर लगेच नर्सला हाक मारा. आणि दुखणं सोसत बसू नका. औषध मागा, दीर्घ श्वास घ्या, खोका. नळी लवकर निघायला त्याचीच मदत होते.