विश्लेषण : न्यायालयाने दोषी ठरवलेल्याचे नाव शाळेला का?

अमेरिकेतील ओकलंड शहरात एका सरकारी प्राथमिक शाळेला फ्रेड कोरेमात्सु यांचे नाव देण्यात आले. एकेकाळी कायद्याच्या लेखी ते गुन्हेगार होते.

गुन्हा काय?

कोरेमात्सु यांचा जन्म १९१९ मध्ये ओकलंडमध्येच झाला. आईवडील जपानहून आलेले, व्यवसाय फुलशेतीचा. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाच्या आधारे सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांपैकी बहुतेक अमेरिकी नागरिकच होते. २३ वर्षांच्या कोरेमात्सु यांनी छावणीत जाण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली.

न्यायालयाची भूमिका काय होती?

१९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करी गरजेचे कारण मान्य करत ६ विरुद्ध ३ मतांनी दोषसिद्धी कायम ठेवली. सरकारने त्या वेळी महत्त्वाचे पुरावे दडवल्याचे पुढे कागदपत्रांतून उघड झाले. १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. मात्र १९४४ चा निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले ते थेट २०१८ मध्ये.

शाळेलाच नाव का?

१९९८ मध्ये कोरेमात्सु यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी कित्येक वर्षे ते या खटल्याबद्दल घरात बोलतही नसत. त्यांच्या मुलीला तो कळला शाळेत, वर्गमैत्रिणीने एका पुस्तकाविषयी दिलेल्या माहितीतून. घरांनी मौन पाळलेला इतिहास मुलांपर्यंत पोहोचतो तो असा, वर्गातूनच.