वराहगृहांतील जंतु व मांसाची शुद्धता

इ. स. १९५३ च्या उन्हाळ्यांत स्वीडन देशांतील आल्वेस्टा येथील कसाईखान्यांतून बाहेर पडलेल्या मांसामुळें सुमारें नऊ हजार माणसें आजारी पडलीं व नव्वदांच्या आसपास दगावलीं. या अनर्थाचें कारण साल्मोनेला नांवाचा जंतु. अमेरिकन पशुवैद्य डॅनिएल साल्मन यांच्यावरून हें नांव पडलें. त्यांच्या हाताखालील थिओबाल्ड स्मिथ यांस तो इ. स. १८८५ च्या सुमारास डुकरांतच सांपडला, आणि हॉग-कॉलरा हा डुकरांचा रोग यामुळेंच होतो अशी दोघांची समजूत झाली. तो रोग विषाणूचा होय, हें पुढें सिद्ध झालें. तर्क चुकला, जंतु मात्र खरा निघाला.

व्यापारी प्रमाणावर वराहपालन करणाऱ्यानें प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हा जंतु बाळगणारें डुकर बहुधा धडधाकट असतें. तें नीट खातें, वजनानें वाढतें. जंतु आंतड्यांत दडून राहून अधूनमधून विष्ठेवाटे बाहेर पडतात. जमिनीच्या भेगा, गव्हाणी, पाण्याचीं भांडीं, इतकेंच काय पण सुकी धूळ, यांतही ते आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. उंदीर, माशा व गड्यांचे बूट त्यांस एका कोठ्यांतून दुसऱ्यांत नेतात. पुढें गाडींतील दाटीनें जनावर गांजलें म्हणजे विष्ठेंतील जंतु वाढतात, आणि कसाईखान्याच्या घाणेरड्या आवारांत निरोगी डुकरासही कांहीं तासांतच लागण होते.

डेन्मार्कमध्यें इ. स. १९९३ सालीं डुकराच्या मांसापासून पुष्कळ लोकांस बाधा झाली; तेव्हां १९९५ पासून तेथें कळपांची तपासणी सुरू झाली. मारलेल्या डुकराच्या मांसांतून निथळणाऱ्या रसाची परीक्षा करून कळपांच्या तीन प्रती ठरविल्या. शेवटच्या प्रतींतील डुकरें वेगळीं व विशेष काळजीनें मारावयाचीं, आणि मालकाच्या दरांत कपात करावयाची, असा नियम झाला. आमच्या मतें या योजनेंतील खरी मात्रा दरकपातीचीच होय; उपदेशानें जें होत नाहीं तें हिशेबाच्या वहीनें होतें.

खाद्याविषयीं तेथील अनुभव चमत्कारिक वाटेल. बारीक दळून गोळ्या केलेल्या खाद्यावरील कळपांत हा जंतु अधिक आढळला. जाडेंभरडें, आंबविलेलें ओलें किंवा आम्ल मिसळलेलें खाद्य दिलें तेथें कमी. गोळ्या करतांना लागणाऱ्या उष्णतेनें खाद्यांतील जंतु मरतात, हें खरें. परंतु भरड खाद्य पोटांत अधिक वेळ राहतें, त्यावर दूध आंबविणाऱ्या जातीचे जंतु वाढतात, आणि त्यांच्या आम्लापुढें साल्मोनेलाचें फारसें चालत नाहीं. मात्र भरड खाद्यानें तितक्याच वजनवाढीस अधिक धान्य लागतें; हा तोटा आधींच मोजावा.

सफाईंत बहुतेकांची चूक एकच. विष्ठेच्या थरावर जंतुनाशक ओतणें म्हणजे पैसा गटारांत ओतणें होय, कारण त्याची शक्ति घाणींतच खर्ची पडते. एका कोठ्यांतील सर्व डुकरें एकदम काढावींत, विष्ठा खरवडावी, साबणाच्या पाण्यानें धुवावें, सुकूं द्यावें, मग औषध मारावें, आणि पुन्हां पूर्ण कोरडें झाल्यावरच नवीं पिलें एकदमच भरावींत.

डुकराच्या घशांतील गांठींत येर्सिनिया नांवाचा आणखी एक जंतु राहतो व तो शीतपेटींतल्या थंडींतही वाढतो. म्हणून मुंडकें व जीभ कापण्याची सुरी निराळी ठेवावी.

आपल्याकडे वराहपालन करणारे बागाईतदार थोडे, पण कोंबड्या ठेवणारे पुष्कळ आहेत. आणि साल्मोनेला कोंबडीच्या आंतड्यांतही असाच निवांत राहतो.