हवेच्या नळांची सफाई आणि कापसाची धूळ

विदर्भ-खानदेशातील कापसाच्या गाठी मुंबईस रवाना झाल्या की शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या कापसाचा प्रवास संपत असे. वास्तविक तो तेथून परळ-लालबागच्या गिरण्यांत जाई आणि रुईबरोबर शेतातील वाळलेले पान, बोंडाभोवतीच्या आवरणाचा चुरा व मातीही जाई. गाठ फोडून रुई पिंजली जाऊ लागताच हा चुरा हवेत उडे. त्यातील जड भाग यंत्राखाली पडे. बारीक धूळ मात्र कामगाराच्या छातीत आणि गिरणीच्या हवेच्या नळांत जाऊन बसे.

सूत कोरड्या हवेत तुटते. म्हणून कातण व विणकाम खात्यांच्या खिडक्या लावून घेऊन आत ओलावा राखावा लागे. अर्थात जेथे तंतू उडत तेथेच बाहेरची हवा कमी. यावर उपाय म्हणून यांत्रिक वायुवीजन आले. पंख्याने हवा ओढावयाची, पाण्याच्या फवाऱ्यातून धुवावयाची, पत्र्याच्या नळांतून खात्यात सोडावयाची आणि धूळभरली हवा परत ओढून गाळावयाची, अशी ही योजना होय. योजना उत्तम, परंतु तिचे सर्व यश झाडूवर अवलंबून! नळात कापसाचे थर साचले की हवेचा मार्ग आकसतो व टोकाशी काम करणाऱ्यापर्यंत हवा पोचत नाही. ओलसर थरावर बुरशी व जंतू वाढतात आणि तीच हवा दिवसभर आत फिरते. शिवाय ठिणगी पडल्यास त्याच नळातून आग एका खात्यातून दुसऱ्यात जाते. १९४८ च्या कारखाने कायद्यात, धूळ जेथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून घ्यावी, तसेच हवा ओली करण्याचे पाणी पिण्याच्या पाण्याइतके शुद्ध असावे, अशी कलमे घालण्यात आली ती याच कारणास्तव.

या धुळीपासून होणाऱ्या फुप्फुसाच्या विकारास ‘बिसिनोसिस’ म्हणतात. त्याची सुरुवात चमत्कारिक असते. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर येण्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते व दम लागतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटते. त्यामुळे रोगी दुर्लक्ष करतो. काही वर्षांनी दम रोजचा होतो आणि पुढे काम सोडले तरी जात नाही. बिडी ओढणाऱ्यास त्रास अधिक. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे अभ्यास करून तो १९८१ साली प्रसिद्ध केला. हा विकार नेहमीच्या जुनाट दम्या-खोकल्यापासून निराळा कसा ओळखावा, हा त्याचा विषय होता. अमेरिकेत १९७८ साली सूत कातण्याच्या खात्यांसाठी धुळीची मर्यादा एका घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली.

१९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या बहुतेक गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या जागी आज काचेचे मनोरे उभे आहेत. त्यांतही हवा नळांतूनच खेळते आणि ते नळही साफ करावे लागतातच. पण कापसाची धूळ नाहीशी झालेली नाही, ती जिनिंग कारखान्यात आहे. तेथे काम करणारे बहुधा कापूस पिकविणाऱ्या गावांतीलच स्त्री-पुरुष असतात.

अशा कारखान्यात कापूस व कचरा वाहून नेणारे नळ आणि धूळ ओढणारे पंखे सुट्टीच्या दिवशी, वीज तोडून, साफ करावेत. नळास ठराविक अंतरावर उघडता येणारी झडप असल्यास आतील थर हाताने काढता येतो. दाबाच्या हवेने धूळ उडविणे सोपे दिसते. परंतु उडालेली धूळ पुन्हा श्वासातच जाते. म्हणून ती ओढून घेणाऱ्या यंत्राने काढावी, आणि सफाई करणाऱ्यास योग्य मुखपट्टी द्यावी. साध्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही.

धूळ मुळातच कमी करणे शेतकरी बंधूंच्या हाती आहे. बोंडाभोवतीची वाळलेली आवरणे व पाने यांचा चुरा आणि त्यांवर वाढणाऱ्या जंतूंचे विष हे या विकाराचे प्रमुख कारण मानले जाते. दव सुकल्यावर, पूर्ण फुटलेल्या बोंडांतीलच कापूस वेचावा. दवाने ओला झालेला पाला कापसास चिकटून येतो. वेचणी खालच्या बोंडांपासून सुरू करावी, म्हणजे वरचा पाला खालच्या कापसावर पडत नाही. वेचलेला कापूस उघड्या मातीवर न टाकता कापडावर पसरावा, आणि कवडी वेगळ्या पिशवीत ठेवावी.